नेमक्या कामाची नेमकी आयसी

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्पात लागणाऱ्या आयसी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. काहींना कुठलेही काम सांगता येते. मायक्रोकंट्रोलर, साधा ऑपअँप, लॉजिक गेट हे त्या जातीचे. त्यांच्याकडून काय करून घ्यायचे ते आतला प्रोग्राम किंवा भोवतालचे सर्किट ठरवते. दुसऱ्या प्रकारातली प्रत्येक आयसी एकाच कामासाठी घडवलेली असते. एखादी वजनकाट्यातला सूक्ष्म सिग्नल मोजते, एखादी लिथियम बॅटरी चार्ज करते, एखादी मोटर दोन्ही दिशांना फिरवते, एखादी फक्त वेळ सांभाळते. १९५८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिली आयसी चालवून दाखवली आणि पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डमध्ये रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनवर ती कारखान्यात बनवता येईल अशी पद्धत मांडली. तेव्हा आयसीत मोजकेच भाग मावत. आता एकेका कामासाठी शेकडो नंबर उपलब्ध आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

कॉलेजांतले प्रकल्प पाहिले तर मात्र हे वैविध्य दिसत नाही. ऑपअँप म्हटले की ७४१, पाच व्होल्ट म्हटले की ७८०५, मोटर म्हटली की एल२९८एन, घड्याळ म्हटले की डीएस१३०७. यांतली एकही आयसी वाईट नाही. पण त्या कामाकडे पाहून निवडलेल्या नसतात. आधीच्या वर्षीच्या अहवालात होत्या म्हणून पुढच्या अहवालात आलेल्या असतात. निवड नीट करायची तर नंबरापासून नव्हे, कामापासून सुरुवात करावी लागते.

विशेष आयसी का लागते, हे वजनकाट्यात सर्वांत स्पष्ट दिसते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या ताटाखाली बहुधा ॲल्युमिनियमची एक पट्टी असते. तो लोडसेल. वजन पडले की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या स्ट्रेनगेजचा रोध किंचित बदलतो आणि तिच्या चार तारांपैकी दोन तारांमध्ये अगदी थोडे व्होल्टेज मिळते. दर व्होल्टला १ मिलिव्होल्ट देणारा, ५ किलो क्षमतेचा लोडसेल घेऊन त्याला ५ व्होल्ट पुरवले, तर पूर्ण ५ किलोला मिळतात फक्त ५ मिलिव्होल्ट. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमधला १० बिटांचा कन्व्हर्टर ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो. एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. म्हणजे रिकामे ताट आणि पाच किलो साखरेची पिशवी यांत त्याला जेमतेम एका आकड्याचा फरक कळतो.

इथे एचएक्स७११ ही आयसी कामाला येते. ती लोडसेलसाठीच बनवलेली आहे. आलेला सिग्नल ती आधी १२८ पटींनी वाढवते आणि मग २४ बिटांत मोजते. वर घेतलेल्या लोडसेलमध्ये १ ग्रॅम म्हणजे १ मायक्रोव्होल्ट, आणि २४ बिटांची एक पायरी पडते सुमारे २.४ नॅनोव्होल्टची. हा हिशेब धरला तर काट्यावर एक ग्रॅमचा चारशेवा भाग कळायला हवा. प्रत्यक्षात तो कळत नाही. कारण आयसीचा स्वतःचाच खळखळाट, ज्याला नॉइज म्हणतात, सुमारे ५० नॅनोव्होल्टचा आहे. तो सरासरी आकडा. वरखाली होताना त्याची झेप सहज सहापट जाते. हाती उरते ती साधारण एक तृतीयांश ग्रॅमची समज. किराण्याच्या काट्याला ती पुरेशी आहे, सोनाराच्या काट्याला नाही. जाहिरातीतले बिट आणि हाती येणारे बिट यांतला हा फरक मोजमापाच्या प्रत्येक आयसीत असतो आणि डेटाशीटच्या पहिल्या पानावर तो सहसा लिहिलेला नसतो.

याच आयसीची एक पिन सेकंदाला १० वाचने हवीत की ८० हे ठरवते. १० वर ठेवली तर वायरिंगमधून शिरणारी ५० हर्ट्झची घरगुती विजेची गुणगुण आतच गाळली जाते आणि आकडा स्थिर राहतो. ८० वर वेग मिळतो, पण नॉइज वाढतो. बाजारातल्या बहुतेक तयार मॉड्यूलवर ही पिन १० लाच जोडलेली असते. झटक्यात बदलणारा जोर मोजायचा असेल तर ती उचलून दुसरीकडे जोडावी लागते.

म्हणून आयसी शोधण्याआधी गरज आकड्यांत लिहून काढायची असते. वीज कुठून येणार, किती व्होल्ट, सर्वांत वाईट क्षणी किती करंट, किती अचूकता, डबा उन्हात राहणार की कपाटात, बॅटरी किती महिने टिकायला हवी, एकच नग करायचा की पाचशे. ‘चांगला तापमापक’ ही गरज नव्हे. ‘शून्य ते पन्नास अंश, अर्ध्या अंशाच्या आत, तार दहा मीटर लांब’ ही गरज झाली, आणि एवढे लिहिले की एलएम३५ मागे पडून डीएस१८बी२० पुढे येते. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देते, म्हणजे अर्धा अंश ५ मिलिव्होल्टचा. दहा मीटर तारेत तेवढी गडबड सहज मिसळते. डीएस१८बी२० तापमान जागेवरच मोजून आकडा डिजिटल स्वरूपात पाठवते आणि उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाच्या अचूकतेची हमी देते. बारा बिटांच्या वाचनाला मात्र ती पाऊण सेकंद घेते. खोलीचे तापमान मोजायला हे चालते, सोल्डरिंग आयर्नचे टोक ताब्यात ठेवायला चालत नाही. आणि आयर्नच्या टोकाचे तापमान तर तिच्या आवाक्याच्याच बाहेर असते. तिथे थर्मोकपल आणि त्यासाठीची मॅक्स६६७५ किंवा मॅक्स३१८५५ लागते.

वीजपुरवठ्याच्या आयसीत सवयीचा सर्वाधिक फटका बसतो. ७८०५ जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवते. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवरून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर घेतला तर सर्किटला मिळतात २.५ वॅट, आणि आयसीत जळतात ३.५ वॅट. हीटसिंक नसताना तिच्या नेहमीच्या पॅकेजचे तापमान दर वॅटला साधारण ६५ अंशांनी चढते. साडेतीन वॅटला सव्वादोनशे अंशांहून जास्त चढायला हवे. तिथे पोचण्याआधीच आतले संरक्षण आयसी बंद पाडते, थंड झाली की ती पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. ‘प्रोजेक्ट मधूनच रिसेट होतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या चक्रात सापडते आणि शोध मात्र प्रोग्राममध्ये चालू असतो.

एलएम२५९६ सारखी स्विचिंग आयसी हेच काम १५० किलोहर्ट्झने चालू-बंद होत, कॉइलच्या साहाय्याने करते. तिची कार्यक्षमता १२ व्होल्टवरून ५ व्होल्टला सुमारे ८० टक्के. तेवढ्याच कामाला उष्णता साडेतीनऐवजी पाऊण वॅटच्या आत राहते. मग ७८०५ कायमची बाद करावी का? नाही. स्विचिंगच्या आउटपुटवर त्या १५० किलोहर्ट्झची लहर शिल्लक राहते. लोडसेल, माइक किंवा रेडिओ रिसीव्हर जवळ असेल तर ती नडते. जाणकार अशा वेळी दोन्ही वापरतात: आधी स्विचिंगने व्होल्टेज जवळपास खाली आणायचे आणि शेवटचा टप्पा लिनिअर रेग्युलेटरने स्वच्छ करायचा.

बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात वेगळाच आकडा निर्णायक ठरतो. आयसी काहीही काम नसताना स्वतः किती करंट खाते, तो. ३.३ व्होल्टसाठी सर्रास वापरली जाणारी एएमएस१११७ नुसती बसल्याबसल्या सुमारे ५ मिलिअँपिअर घेते. शेतात मातीचा ओलावा मोजून तासाला एकदा निरोप पाठवणारे उपकरण २५०० मिलिअँपिअर-तासांच्या १८६५० सेलवर ठेवले, तर एकही वाचन न घेता एकवीस दिवसांत सेल रिकामा होतो. मायक्रोचिपची एमसीपी१७०० याच कामाला १.६ मायक्रोअँपिअर घेते, म्हणजे साधारण तीन हजारावा भाग. तिची मर्यादा २५० मिलिअँपिअरची. लोरा रेडिओला ते भरपूर झाले. पण ईएसपी३२ वाय-फाय सुरू करताना जो झटका घेते, त्याला ते अपुरे पडते. ईएसपी३२ साठी निदान अर्धा अँपिअर देणारा पुरवठा धरावा लागतो. म्हणजे रेडिओ कोणता हे ठरल्याशिवाय रेग्युलेटर ठरत नाही.

मोटर ड्रायव्हरची गोष्ट याहून ढळढळीत आहे. एल२९८एन ही बायपोलर ट्रान्झिस्टरांची जुनी आयसी. तिच्यातून १ अँपिअर वाहताना वरच्या आणि खालच्या ट्रान्झिस्टरवर मिळून दोन ते तीन व्होल्ट पडतात. चार पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टवर लहान रोबोट चालवला तर मोटरला मिळतात तीन-चार व्होल्ट, उरलेले तिच्यावरच्या मोठ्या काळ्या हीटसिंकमधून हवेत जातात. हीटसिंक पाहून आयसी ‘पॉवरफुल’ वाटते. खरे तर तो तिच्या नुकसानीचा हिशेब आहे. तोशिबाची टीबी६६१२एफएनजी मॉसफेट वापरते. तिचा एकूण रोध अर्ध्या ओहमच्या आसपास, म्हणून १ अँपिअरला तिथे अर्धाच व्होल्ट जातो. पण ती १५ व्होल्टच्या पुढे टिकत नाही आणि सलग १.२ अँपिअरच सोसते. २४ व्होल्टच्या मोटरला एल२९८एन आजही योग्य ठरू शकते.

करंटचा आकडा पाहताना मोटर फिरत असतानाचा करंट धरणे ही नेहमीची चूक. चाक अडले, मोटर जागेवर थांबली, की करंट कित्येक पटींनी वाढतो. ड्रायव्हर त्या क्षणाला टिकला पाहिजे. मोटरचा रोध मल्टिमीटरने मोजून त्याने पुरवठ्याच्या व्होल्टेजला भागले की हा आकडा ढोबळमानाने मिळतो.

७४१ चा इतिहास मोठा आहे. डेव्ह फुलागर यांनी १९६८ मध्ये फेअरचाइल्डसाठी ती केली आणि बाहेरचा कपॅसिटर न लावता स्थिर चालणारा ऑपअँप म्हणून ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. तिची रचना उणे-अधिक १५ व्होल्टसाठी आहे. पाच व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर तिचे आउटपुट खाली शून्याला टेकत नाही, वर पाचाला पोचत नाही. मधल्या थोड्या पट्ट्यात अडकते. एलएम३५८ शून्याजवळचा सिग्नल वाचते आणि ३ ते ३२ व्होल्टवर चालते, पण वरच्या टोकाला सुमारे दीड व्होल्ट सोडते. एमसीपी६००२ दोन्ही टोकांना जवळपास टेकते, पण तिला ६ व्होल्टपेक्षा जास्त देता येत नाही. आवाजासाठी तर तिन्ही बाजूला ठेवून टीएल०७२ किंवा एनई५५३२ पाहावी. प्रयोगशाळेत ७४१ शिकवायला हरकत नाही. नवीन बोर्डावर ती लावायला मात्र आता फारसे कारण उरलेले नाही.

वेळ सांभाळणाऱ्या आयसींमध्ये फरक दिसायला आठवडे लागतात, म्हणून तो प्रात्यक्षिकाच्या दिवशी लपून राहतो. डीएस१३०७ ला बाहेरून ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल लावतात. साधा क्रिस्टल दशलक्षात वीस भाग चुकतो. त्याचा अर्थ दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास मिनिट. शिवाय हा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास बरोबर चालतो. तापमान त्याच्या वर किंवा खाली गेले की मागे पडतो, आणि मागे पडणे फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात ६० अंश झाले, तर त्या उष्णतेपोटीच दिवसाला साडेतीन सेकंदांहून जास्त गळती लागते. डीएस३२३१ मध्ये क्रिस्टल आतच आहे आणि आयसी स्वतःचे तापमान मोजून चूक भरून काढते. शून्य ते ४० अंशांत ती दशलक्षात दोन भागांच्या आत राहते, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट.

इथेच नावामागच्या अक्षरांचे महत्त्व कळते. डीएस३२३१एसएन आणि डीएस३२३१एम यांचे पाय सारखे, प्रोग्राम सारखा; पण एम अक्षराच्या आयसीत क्रिस्टलऐवजी मेम्स प्रकारचा कंपक आहे आणि तिची हमी दशलक्षात पाच भागांची. या आयसीच्या स्वस्त निळ्या मॉड्यूलमध्ये आणखी एक खोड आढळते. बॅटरी चार्ज करण्याचा डायोड आणि रेझिस्टर त्यावर आधीच लावलेला असतो. तो पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी. ग्राहक तिथे साधा सीआर२०३२ बसवतो, ५ व्होल्टवर त्या सेलमध्ये करंट ढकलला जातो आणि सेल फुगू शकतो. तो रेझिस्टर काढून टाकणे हा त्यावरचा उपाय.

२३० व्होल्टशी संबंध आला की निवडीतली चूक जिवावर बेतू शकते, म्हणून तिथे ऑप्टोकपलर लागतात. आत एक एलईडी, समोर प्रकाशाने चालणारा भाग, मध्ये विजेचा संबंध नाही. ट्रायक चालवणाऱ्या एमओसी मालिकेत दोन जाती आहेत. एमओसी३०४१ आणि एमओसी३०६३ या एसी लहर शून्यावरून जात असतानाच ट्रायक चालू करतात. हीटर, बल्ब किंवा वाल्व नुसता चालू-बंद करायला त्या उत्तम, कारण ठिणगी आणि खरखर कमी होते. एमओसी३०२१ आणि एमओसी३०५२ लहरीच्या कुठल्याही बिंदूवर चालू होतात. पंख्याचा वेग किंवा दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचा तर लहर मध्येच कापावी लागते, म्हणून तिथे दुसरीच जात हवी. पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये एमओसी३०४१ लावली तर पंखा एक तर पूर्ण फिरतो किंवा थांबतो. मधला वेग काही केल्या मिळत नाही. दुसरा निकष व्होल्टेजचा. आपल्या २३० व्होल्टच्या लहरीचे शिखर ३२५ व्होल्टचे असते. एमओसी३०२१ ची मर्यादा ४०० व्होल्ट. ज्या लाइनवर मोटरी चालू-बंद होतात तिथे ७५ व्होल्टचे अंतर तुटपुंजे. ६०० व्होल्टच्या एमओसी३०५२ ला थोडे पैसे जास्त पडले तरी ती घ्यावी.

एखादे काम पुढे दुसऱ्याच आयसीच्या पोटात गेले की विशेष आयसीची गरज संपते. कृषिपंपाचा मोबाइल स्टार्टर हे त्याचे घरचे उदाहरण. थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस रात्रीच मिळत असल्याने मोटर घरून चालू करण्याची सोय महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला फार आधीपासून हवी होती. कॉलेजांनी त्यावर केलेल्या प्रकल्पांत स्टार्टरच्या डब्यात एक जुना मोबाइल ठेवलेला असे, त्याच्या हेडफोनच्या पिनेतून आवाज एमटी८८७० या आयसीकडे जाई. फोनची प्रत्येक कळ दोन सूर एकदम वाजवते. ५ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. एमटी८८७० आतल्या फिल्टरांनी दोन्ही सूर वेगळे करते, दोन्ही पुरेसा वेळ एकत्र टिकले तरच ते खरे मानते आणि चार पायांवर ०१०१ असा आकडा देते. माणसाच्या बोलण्यात असे दोन शुद्ध सूर एकत्र क्वचितच येतात, त्यामुळे फोनवर कोणी खोकले म्हणून मोटर सुरू होत नाही. तिला लागणारा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल अमेरिकी रंगीत टीव्हीत वापरला जाई, म्हणून तो स्वस्तात मिळे.

नंतर सिम८०० सारखी जीएसएम मॉड्यूल आली. कळेचे सूर ती स्वतःच ओळखतात, एसएमएसही घेतात. जुना मोबाइल गेला, एमटी८८७० ही गेली. पण सिम८०० टूजीवर चालते आणि जिओचे टूजी जाळे मुळातच नाही. गावात ज्या कंपनीची रेंज आहे ती आधी पाहून मॉड्यूल ठरवावे लागते. नाहीतर फोरजीचे घ्यावे लागते.

५५५ टायमरच्या बाबतीत वाद जुना आहे. हॅन्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी केलेली ही आयसी १९७२ पासून बाजारात आहे. गणपतीच्या आराशीत धावणारे दिवे करायला ५५५ आणि सीडी४०१७ ही जोडी पिढ्यान्पिढ्या चालत आली. आता स्वस्तात एटीटायनी किंवा सीएच३२व्ही००३ सारखा मायक्रोकंट्रोलर मिळतो आणि तोच दिवे हवे तसे पळवतो. मग ५५५ कशाला? प्रोग्राम नको, लॅपटॉप नको, १२ व्होल्टवर थेट चालावे आणि रिले थेट ओढावा, एवढीच अपेक्षा असेल तर तीच बरी; एनई५५५ चे आउटपुट २०० मिलिअँपिअर देते. तासाभराचा टायमर मात्र तिच्याकडून करून घेऊ नये. त्याला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागतो, त्याची किंमत वीस टक्के इकडेतिकडे असते आणि तो स्वतःच गळतो. सीडी४०६० आपल्या कंपनांना १६,३८४ ने भागते, त्यामुळे लहान कपॅसिटरवर लांब वेळ मिळतो. बॅटरीवर चालवायचे असेल तर ५५५ चीच सीमॉस बहीण टीएलसी५५५ घ्यावी: एनई५५५ ला ५ व्होल्टवर काही मिलिअँपिअर लागतात, हिला त्याचा अगदी लहान हिस्सा पुरतो. पण तिचे आउटपुट बाहेर फक्त १० मिलिअँपिअर देते, रिले ओढायला मध्ये ट्रान्झिस्टर हवा.

दोन आयसी एकमेकींशी बोलतील का, हाही निवडीचाच भाग. ईएसपी३२ चे ‘हाय’ ३.३ व्होल्टचे. पाच व्होल्टवर चालणारी ७४एचसी मालिका ३.५ व्होल्टच्या खालच्या सिग्नलला हाय मानण्याची हमी देत नाही. बहुतेकदा चालते, आणि म्हणूनच हा दोष फसवा आहे. टेबलावर चालते, उन्हात किंवा लांब तारेवर अडखळते. ७४एचसीटी मालिकेला २ व्होल्टच पुरतात. एका ‘टी’ अक्षराने प्रश्न सुटतो.

डेटाशीट उघडल्यावर पहिल्या पानावरची ठळक वैशिष्ट्ये वाचून थांबू नये. ते पान विक्रीसाठी असते. त्यापुढे दोन तक्ते येतात. ‘ॲब्सोल्यूट मॅक्झिमम’ म्हणजे त्यापलीकडे आयसी मरू शकते ती सीमा, तिथवर चालवण्याची परवानगी नव्हे. चालवायची ती ‘रेकमेंडेड’ तक्त्यातल्या आकड्यांत. १२ व्होल्टची म्हणवणारी गाडीची बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टच्या वर जाते, आणि टीएलसी५५५ ची शिफारस १५ व्होल्टपर्यंतचीच आहे, हे या तक्त्यात पाहिले की गाडीत ती नुसती जोडण्याचा विचार आपोआप मागे पडतो. दुसरे म्हणजे ‘टिपिकल’ रकान्यावर हिशेब मांडू नये. तो सरासरी नगाचा आकडा. हाती येणारा नग ‘मिनिमम’ किंवा ‘मॅक्झिमम’च्या जवळचा असू शकतो, आणि हमी तेवढ्याचीच असते. तिसरे, तळटीपा. ‘२५ अंशांवर’, ‘हीटसिंकसह’ असे शब्द तिथेच बारीक अक्षरांत असतात.

आयसी हातात कशी येते, याला कागदावर कोणी महत्त्व देत नाही. ब्रेडबोर्डवर बसणाऱ्या डिप पॅकेजच्या पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असते. नव्या आयसींपैकी पुष्कळशा डिपमध्ये येतच नाहीत. एसओआयसीचे १.२७ मिलिमीटर अंतर साध्या आयर्नने जमते, टीएसएसओपीचे ०.६५ सरावाने जमते. क्यूएफएनला तर पायच नसतात, पोटाखाली पट्ट्या असतात आणि गरम हवेचे यंत्र लागते. एकच नग करायचा असेल तर तयार मॉड्यूल किंवा ॲडॉप्टर बोर्ड घेणे शहाणपणाचे. आणि पॅकेज कोणतेही असो, पुरवठ्याच्या पायालगत ०.१ मायक्रोफॅरडचा, ‘१०४’ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर हवाच. तो आयसीपासून चार सेंटीमीटर दूर लावला तर न लावल्यासारखाच.

शेवटी ती बाजारात आहे का, आणि उद्या असेल का. कंपन्या आपापल्या संकेतस्थळावर प्रत्येक आयसीपुढे तिची अवस्था देतात: चालू, नव्या डिझाइनसाठी शिफारस नाही, शेवटची खरेदी, बंद. पाचशे नगांचे उत्पादन दुसऱ्या अवस्थेतल्या आयसीवर बेतू नये. शक्यतो अनेक कंपन्या बनवतात अशी आयसी घ्यावी. एलएम३५८ किंवा यूएलएन२००३ एका कंपनीकडे संपली तरी दुसरीकडे मिळते. एचएक्स७११ सारखी एकाच घरची आयसी घेतली तर पर्यायी योजना हाताशी ठेवावी लागते. २०२० नंतरच्या चिपटंचाईत मोठमोठ्या मोटार कंपन्यांचे कारखाने याच कारणाने अडले होते.

नकली माल हा वेगळाच ताप. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, अस्सलच्या चौथाई किमतीत मिळणारी आयसी बहुधा नक्कल असते किंवा जुन्या बोर्डावरून काढून वर नवा नंबर छापलेली असते. २०१४ साली एफटीडीआय कंपनीने विंडोजमधून दिलेल्या नव्या ड्रायव्हरमुळे तिच्या एफटी२३२ या यूएसबी आयसीच्या नकला जगभर एकाएकी बंद पडल्या. नक्कल विकत घेतली आहे हे कित्येकांना तेव्हाच कळले. त्यानंतर पुष्कळांनी उघडपणे स्वस्त असलेली सीएच३४० पसंत केली. डीएस१८बी२० च्या नकला तीन तारांवर ठीक चालतात आणि पुरवठ्याची तार न लावता दोनच तारांवर चालवल्या की चुकीचे आकडे देऊ लागतात.

ओळखायच्या खुणा थोड्या आहेत. ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने घासल्यावर छपाई निघाली तर नंबर नंतर छापलेला असण्याची शंका घ्यावी. एकाच पट्टीतल्या आयसींवर वेगवेगळे तारखांचे कोड असणे, पायांवर जुने सोल्डर दिसणे याही तशाच खुणा. सर्वांत सोपी तपासणी मल्टिमीटरची: काम नसताना आयसी किती करंट घेते ते मोजून डेटाशीटशी ताडून पाहायचे. सीमॉस म्हणून घेतलेली ५५५ काही मिलिअँपिअर खात असेल तर आत साधी एनई५५५ आहे. मोठी खरेदी करणारे आधी दहा-वीस नग मागवतात, त्यांतले दोन-तीन खऱ्या लोडवर आणि खऱ्या तापमानात काही तास चालवून पाहतात आणि मग त्याच लॉटमधला उरलेला माल उचलतात.